मारिया सिबिला मेरियन

मारिया सिबिला मेरियन (२ एप्रिल १६४७, फ्रांकफुर्ट – १३ जानेवारी १७१७, ॲमस्टरडॅम) या सतराव्या शतकातील जर्मन चित्रकार, ताम्रपट-कोरक, प्रकाशक व निसर्गअभ्यासक होत्या. कीटकांची अंडी, अळी, कोश आणि पूर्ण वाढ झालेले पाखरू या सर्व अवस्था, त्या कीटकाच्या खाद्यवनस्पतीसह एकाच चित्रात दाखवण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. वयाच्या बावन्नाव्या वर्षी धाकट्या मुलीला बरोबर घेऊन त्या दक्षिण अमेरिकेतील सुरीनाम या डच वसाहतीत गेल्या आणि तेथील दोन वर्षांच्या निरीक्षणांतून त्यांनी 'मेटामॉर्फोसिस इन्सेक्टोरम सुरिनामेन्सिअम' (सुरीनाममधील कीटकांचे रूपांतरण, १७०५) हा ग्रंथ सिद्ध केला. कलेच्या इतिहासात या ग्रंथाला जेवढे महत्त्व आहे तेवढेच ते कीटकशास्त्राच्या इतिहासातही आहे. सजीव आणि त्याचा परिसर यांचा एकत्रित विचार करणाऱ्या आरंभीच्या अभ्यासकांमध्ये मेरियन यांची गणना होते.

== कुटुंब आणि शिक्षण ==

मेरियन यांचा जन्म चित्रे आणि पुस्तके यांच्याच घरात झाला. वडील थोरले मॅथेउस मेरियन हे मूळचे स्वित्झर्लंडमधील बाझेलचे. ते नामांकित ताम्रपट-कोरक होते आणि युरोपातील शहरांच्या दृश्यचित्रांमुळे त्यांच्या प्रकाशनगृहाचे नाव सर्वदूर झाले होते. मारिया तीन वर्षांची असतानाच १६५० मध्ये ते वारले. आई योहाना सिबिला यांनी पुढच्याच वर्षी याकोप मारेल या पुष्पचित्रकाराशी विवाह केला. मारेल यांचे शिक्षण जर्मनी आणि नेदरलँड्स अशा दोन्ही परंपरांत झाले होते. फुलदाणीतील ट्युलिप, पाकळीवरचा दवबिंदू, कडेला बसलेली माशी किंवा टाचणीसारखा किडा हा त्यांच्या चित्रांचा ठरावीक संसार होता.

सावत्र वडिलांच्या कार्यशाळेत मुलीलाही रेखाटन, जलरंग व ताम्रपट कोरण्याचे शिक्षण मिळाले. त्या काळी अनेक जर्मन शहरांत चित्रकारांच्या श्रेणींचे नियम स्त्रियांना तैलरंगांत व्यवसाय करू देत नसत. मेरियन यांची बहुतेक सर्व कामे कागदावर वा चर्मपत्रावर जलरंगांत झालेली दिसतात, त्यामागे हेही एक कारण होते. पुढे हीच मर्यादा त्यांच्या पथ्यावर पडली. जलरंगांची साधने हलकी असतात, ती कोठेही नेता येतात, आणि अळीच्या अंगावरील केस टिपण्यासाठी बारीक कुंचला व पातळ रंग याहून चांगले साधन नाही.

पुष्पचित्रांतील कीटक त्या काळी शोभेपुरते असत. माशी हे नश्वरतेचे, फुलपाखरू हे आत्म्याचे प्रतीक मानले जाई. कोणता कीटक कोणत्या झाडावर बसतो याची विचारपूस कोणी करत नसे. मेरियन यांना मात्र तोच प्रश्न पडला. तेराव्या वर्षी, १६६० मध्ये, त्यांनी रेशीमकिडे पाळून त्यांच्या वाढीचे निरीक्षण सुरू केले. त्यानंतर सापडेल ती अळी घरी आणायची, तिला तिचेच खाद्य द्यायचे, ती कात टाकून कोशात जाईपर्यंत वाट पाहायची आणि प्रत्येक टप्पा चितारून ठेवायचा, असा क्रम जवळजवळ आयुष्यभर चालला.

== तत्कालीन कीटकविषयक समजुती ==

या निरीक्षणांचे मोल समजण्यासाठी त्या काळच्या समजुती लक्षात घ्याव्या लागतात. चिखल, कुजके मांस, शेण किंवा जुने लाकूड यांतून किडे आपोआप उत्पन्न होतात, हा ॲरिस्टॉटलपासून चालत आलेला अजीवजननाचा सिद्धान्त सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुसंख्य विद्वानांना मान्य होता. सुरवंट आणि फुलपाखरू हे एकाच जिवाच्या दोन अवस्था आहेत हे रेशीम-उत्पादकांना अनुभवाने ठाऊक होते. पण ते सर्व कीटकांना लागू पडते, हे गृहीत धरले जात नसे.

१६६० च्या दशकात चित्र पालटू लागले. इटलीत फ्रान्चेस्को रेदी यांनी १६६८ मध्ये मांसावरील अळ्या माश्यांच्या अंड्यांतूनच येतात हे प्रयोगाने दाखवले. नेदरलँड्समध्ये यान स्वामरडॅम यांचा कीटकांवरील ग्रंथ १६६९ मध्ये निघाला, तर मिडलबर्गचे चित्रकार यान गुडार्ट यांनी पाळलेल्या अळ्यांची चित्रे तीन खंडांत प्रसिद्ध केली. मेरियन यांचे टिपण यांपैकी बहुतेकांच्या प्रकाशनांआधीच सुरू झाले होते, मात्र प्रसिद्धी त्यांना नंतर मिळाली. त्यांना 'अजीवजननाचा सिद्धान्त खोडून काढणारी पहिली स्त्री' असे काही लोकप्रिय लेखनात म्हटले जाते. ते नेमके नाही. त्यांनी रेदींसारखे नियंत्रित प्रयोग केले नाहीत. एकेका जातीचे जीवनचक्र अंड्यापासून पाखरापर्यंत प्रत्यक्ष पाहून नोंदवणे हे त्यांचे खरे काम होय आणि अशा नोंदींची संख्या जसजशी वाढली तसतशी जुन्या समजुतीला जागा उरली नाही.

== न्यूरेंबर्ग आणि 'सुरवंटांचे पुस्तक' ==

१६६५ मध्ये मेरियन यांचा विवाह मारेल यांचेच शिष्य योहान आंद्रेआस ग्राफ यांच्याशी झाला. १६६८ मध्ये थोरली मुलगी योहाना हेलेना जन्मली. काही काळाने हे कुटुंब ग्राफ यांच्या न्यूरेंबर्ग या गावी राहण्यास गेले. तेथे १६७८ मध्ये धाकटी डोरोथेआ मारिया जन्मली. घर चालवण्यासाठी मेरियन रंग विकत, कापडावर चित्रकाम करीत आणि प्रतिष्ठित घरांतील मुलींना चित्रकला व भरतकाम शिकवत. या विद्यार्थिनींच्या बागांमध्ये त्यांना मुक्त प्रवेश मिळे. अळ्या शोधण्यासाठी याहून सोयीची जागा नव्हती. त्यांचे पहिले प्रकाशन 'नवे पुष्पपुस्तक' हे १६७५ ते १६८० या काळात तीन भागांत निघाले. त्यातील चित्रे मुख्यतः भरतकामाचे नमुने म्हणून वापरायची होती.

दुसरे पुस्तक मात्र वेगळ्या जातकुळीचे ठरले. 'सुरवंटांचे अद्भुत रूपांतरण आणि त्यांचा विलक्षण पुष्पाहार' अशा अर्थाच्या लांबलचक जर्मन नावाने १६७९ मध्ये त्याचा पहिला खंड निघाला, १६८३ मध्ये दुसरा. प्रत्येक खंडात पन्नास ताम्रपट-चित्रे होती आणि ती मेरियन यांनी स्वतः कोरली होती. पहिल्या चित्रात तुतीची पाने व रेशीमकिडा आहे. म्हणजे तेराव्या वर्षी जेथून सुरुवात झाली तेथूनच पुस्तकही सुरू होते.

या पुस्तकाच्या मांडणीत त्यांच्या पुढील सर्व कामाचे सूत्र आहे. त्यापूर्वीच्या कीटकग्रंथांत प्राणी पांढऱ्या कागदावर रांगेने मांडलेले असत, जणू पेटीत टाचून ठेवलेले नमुने. मेरियन यांच्या चित्रात मध्यभागी एक वनस्पती असते. तिच्या पानावर अंडी, देठावर अळी, फांदीला टांगलेला कोश आणि वर उडणारा किंवा पंख मिटून बसलेला पतंग असतो. पाने अखंड नसतात. ती कुरतडलेली असतात, कारण अळीने ती खाल्लेली असतात. सोबतच्या मजकुरात अळी केव्हा सापडली, काय खात होती, कोश केव्हा केला आणि किती दिवसांनी पाखरू बाहेर आले, याची साध्या जर्मन भाषेत नोंद असते. विद्वानांची लॅटिन न वापरल्यामुळे हे पुस्तक सामान्य वाचकांपर्यंत पोहोचले. त्याच कारणाने विद्यापीठीय वर्तुळात त्याची दखल उशिरा घेतली गेली.

काही कोशांतून अपेक्षित फुलपाखराऐवजी लहान माश्या किंवा गांधीलमाशीसारखे कीटक बाहेर पडत. मेरियन यांनी असे प्रसंग लपवले नाहीत. ते जसे दिसले तसे चितारले. परजीवी कीटक जिवंत अळीच्या अंगात अंडी घालतात हे स्पष्टीकरण त्यांच्यापाशी नव्हते. तथापि आज कीटकशास्त्रज्ञ ही चित्रे परजीवित्वाच्या आरंभीच्या नोंदी म्हणून वाचतात.

== लाबादी पंथ आणि विभक्त जीवन ==

१६८१ मध्ये मारेल वारले आणि मेरियन फ्रांकफुर्टला आईकडे परतल्या. १६८५ मध्ये त्यांनी पतीचा त्याग केला आणि आई व दोन्ही मुलींसह नेदरलँड्सच्या उत्तरेकडील फ्रीसलँड प्रांतात विउवर्ड येथील लाबादी पंथीयांच्या वसाहतीत प्रवेश घेतला. त्यांचा सावत्र भाऊ कास्पर तेथे आधीपासून राहत होता. ज्यां द लाबादी या धर्मोपदेशकाच्या अनुयायांचा हा पंथ ऐहिक मोहांपासून अलिप्तता, साधी राहणी आणि सामायिक मालमत्ता यांचा पुरस्कार करी. ग्राफ पत्नीला परत नेण्यासाठी तेथे आले, पण त्यांना रिकाम्या हाताने परतावे लागले. पुढे घटस्फोट झाला. मेरियन यांनी माहेरचे आडनाव पुन्हा धारण केले.

विउवर्डमधील वर्षांत त्यांनी नवे काही प्रकाशित केले नाही. फ्रांकफुर्टपासूनची सर्व निरीक्षणे चर्मपत्राच्या छोट्या तुकड्यांवरील चित्रांसह त्यांनी एका टिपणवहीत नीट उतरवून घेतली. ही वही आज सेंट पीटर्सबर्ग येथील रशियन विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयात आहे. तिची छापील प्रतिकृती १९७६ मध्ये निघाली. विउवर्डचा वाडा ज्या व्हान सोमेल्सडाइक घराण्याचा होता, त्यातीलच एक पुरुष सुरीनामचा गव्हर्नर होता आणि लाबादी पंथीयांनी सुरीनाममध्ये एक मळाही वसवला होता. त्या दूरच्या प्रदेशाशी मेरियन यांचा पहिला परिचय याच मार्गाने झाला.

== ॲमस्टरडॅम ==

भाऊ व आई यांच्या मृत्यूनंतर १६९१ मध्ये मेरियन मुलींसह ॲमस्टरडॅमला आल्या. जगाच्या व्यापाराचे केंद्र असलेल्या या शहरात विवाहित स्त्रीलाही स्वतःच्या नावाने व्यवसाय करता येई. मायलेकींनी मिळून चित्रांची कार्यशाळा चालवली. थोरल्या योहानाचा विवाह सुरीनामशी व्यापार करणाऱ्या एका व्यापाऱ्याशी झाला.

पूर्व व पश्चिमेकडील वसाहतींतून येणाऱ्या जहाजांतून शंख, पक्षी, साप, फुलपाखरे असे असंख्य नमुने ॲमस्टरडॅमला येत. नगराध्यक्ष निकोलास विट्सेन, शरीररचनाशास्त्रज्ञ फ्रेडरिक रॉइश आदींचे संग्रह मेरियन यांनी पाहिले. तेथील फुलपाखरे देखणी होती, पण मेलेली. त्यांची अळी कशी, ती काय खाते, कोश कोठे करते, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर काचेच्या पेटीत नव्हते. सुरीनाम-ग्रंथाच्या प्रस्तावनेत मेरियन यांनी आपल्या प्रवासाचे हेच कारण दिले आहे.

याच वर्तुळात त्यांची ओळख वनस्पतिशास्त्रज्ञ कास्पर कोमेलिन यांच्याशी झाली. मराठी व कोकणी वाचकांच्या दृष्टीने या नावाला एक वेगळा संदर्भ आहे. मलबारच्या वनस्पतींवरील 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅममध्येच छापला गेला आणि १६९६ मध्ये त्याची सूची कोमेलिन यांनी केली. त्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित व आपू भट या कोकणी वैद्यांचे नागरी लिपीतील निवेदन छापलेले आहे. मेरियन यांच्या सुरीनाम-ग्रंथातील वनस्पतींवर लॅटिन टिपा लिहिणारे कोमेलिन ते हेच.

== सुरीनामचा प्रवास (१६९९–१७०१) ==

वैज्ञानिक हेतूने होणाऱ्या सागरी सफरी त्या काळी राजसत्ता, व्यापारी कंपनी वा धर्मसंस्था यांच्या खर्चाने होत. मेरियन यांना असा आश्रयदाता नव्हता. फेब्रुवारी १६९९ मध्ये त्यांनी आपली २५५ चित्रे विक्रीस काढली, मृत्युपत्र केले आणि त्या वर्षीच्या उन्हाळ्यात एकवीस वर्षांच्या डोरोथेआसह जहाजात बसल्या.

सुरीनाम १६६७ पासून डचांकडे होते. पारामारिबो हे बंदर, नद्यांच्या काठी उसाचे मळे, मळ्यांत आफ्रिकेतून आणलेले गुलाम आणि पलीकडे अरण्य, अशी वसाहतीची रचना होती. मळेवाल्यांना साखरेखेरीज कशातही रस नाही आणि दुसरे काही शोधणाऱ्याची ते थट्टा करतात, अशी तक्रार मेरियन यांनी नोंदवली आहे. त्या पारामारिबोतील घराच्या बागेत अळ्या वाढवत, नदीतून लाबादी पंथीयांच्या मळ्यापर्यंत जात आणि शक्य तेथे जंगलात शिरत. उष्ण व दमट हवेत नमुने लवकर सडत, मुंग्या ते खाऊन टाकत. म्हणून फुलपाखरे दाबून सुकवायची, साप-सरडे ब्रँडीत ठेवायचे आणि अळ्या मात्र जिवंत असतानाच रंगवून घ्यायच्या, अशी पद्धत त्यांनी बसवली.

हे काम त्यांनी एकट्याने केले नाही. झाडीतून वाट काढणारे, अळ्या व रोपे आणून देणारे, वनस्पतींची नावे व उपयोग सांगणारे लोक हे गुलाम आफ्रिकी आणि मूळ अमेरिकी होते, आणि मेरियन स्वतः त्यांच्या श्रमाचा लाभ घेत होत्या. ग्रंथात त्या या लोकांचा उल्लेख 'माझे गुलाम' अशा शब्दांत करतात, पण व्यक्तिगत नावे देत नाहीत. परतताना त्यांच्यासोबत एक मूळ अमेरिकी स्त्रीही ॲमस्टरडॅमला आली. तिचेही नाव ग्रंथात नाही. त्याच वेळी, अमुक माहिती या लोकांकडून मिळाली असे मेरियन वारंवार स्पष्टपणे लिहितात. त्यांच्या अनेक समकालीनांनी तेवढेही केले नाही.

पाच वर्षे राहण्याचा त्यांचा बेत होता असे सांगितले जाते. दोन वर्षांतच आजारपणाने, बहुधा हिवतापाने, त्यांना गाशा गुंडाळावा लागला. जून १७०१ मध्ये निघून त्या सप्टेंबरात ॲमस्टरडॅमला पोहोचल्या.

== 'मेटामॉर्फोसिस इन्सेक्टोरम सुरिनामेन्सिअम' ==

हा ग्रंथ १७०५ मध्ये मेरियन यांनी स्वखर्चाने, आगाऊ वर्गणीदार मिळवून डच व लॅटिन अशा दोन आवृत्त्यांत प्रसिद्ध केला. मोठ्या आकाराची साठ चित्रे आणि प्रत्येकासमोर पानभर मजकूर असे त्याचे स्वरूप आहे. बहुतेक ताम्रपट व्यावसायिक कोरकांनी कोरले, काही मेरियन यांनी. इच्छुक ग्राहकांसाठी प्रती हाताने रंगवून दिल्या जात. काही खास प्रतींत ओल्या छापावर दुसरा कागद दाबून घेतलेली उलटी, फिकट छाप वापरलेली आढळते. तीत कोरीव रेषा पुसट असल्याने रंगवल्यानंतर चित्र मूळ जलरंगासारखेच भासे.

महाराष्ट्र-गोव्यातील वाचकाला या ग्रंथाची पाने उलटताना एक गंमत जाणवेल. अननस, पेरू, पपई, काजू, रताळे ही जी झाडे मेरियन यांनी नवलाची म्हणून रंगवली, ती पोर्तुगीजांच्या व्यापारामार्गे तोवर कोकणात पोहोचलेली होती किंवा पुढे येथलीच झाली. ज्या कंदापासून आज साबुदाणा करतात त्या कसाव्याचेही चित्र येथे आहे. त्याचा रस विषारी असतो आणि तो पिळून काढल्यावर उरलेल्याची भाकरी करतात, असे मेरियन लिहितात. ग्रंथाचे पहिलेच चित्र अननसाच्या फुलोऱ्याचे आहे आणि त्यावर फिरणारी झुरळे आहेत. सौंदर्य आणि किळस यांत भेद न करणारी ही निवड हेतुपुरस्सर असावी.

=== शंकासुराचे चित्र ===

ग्रंथातील ४५ वे चित्र शंकासुराचे आहे. लाल-पिवळ्या तुऱ्यांचे हे झुडूप आज महाराष्ट्रातील बागांत व रस्त्यांच्या कडेला सर्वत्र दिसते. चित्रात त्याच्यासोबत एका मोठ्या पतंगाच्या अवस्था आहेत. ही अळी मुख्यतः तंबाखू-टोमॅटोच्या कुळातील झाडांवर वाढत असल्यामुळे ही जोडी निरीक्षणापेक्षा मांडणीची असण्याचा संभव आहे. मात्र या पानाची ख्याती मजकुरामुळे आहे. डच मालकांच्या क्रूर वागणुकीमुळे गुलाम स्त्रिया या झाडाच्या बिया वापरून गर्भपात करतात, आपली मुले गुलाम म्हणून जन्मू नयेत हा त्यामागील हेतू असतो, आणि काही जण तर आपण पुन्हा मायदेशी स्वतंत्र जन्मू या श्रद्धेने जीव देतात, असे मेरियन यांनी नोंदवले. हे आपल्याला त्या स्त्रियांनीच सांगितले, असेही त्या लिहितात. कीटकांच्या ग्रंथातील एका वनस्पतीच्या टिपणात आलेला हा मजकूर गुलामगिरीच्या इतिहासातील महत्त्वाचा पुरावा ठरला आहे. शंकासुराचे झुडूप शोभेसाठी युरोपीय बागांत गेले, पण त्याच्या या उपयोगाचे ज्ञान युरोपीय वैद्यकाने स्वीकारले नाही, याकडे इतिहासकार लोंडा शीबिंगर यांनी लक्ष वेधले आहे.

=== पक्षी खाणारा कोळी ===

पेरूच्या फांदीवरील १८ वे चित्र सर्वाधिक वादग्रस्त ठरले. त्यात मोठे केसाळ कोळी आहेत, पाने कापणाऱ्या मुंग्या आहेत आणि खाली एक कोळी गुंजनपक्ष्याला घरट्यालगत उताणे पाडून खात आहे. कोळी पक्षी खातो हे अनेकांना अविश्वसनीय वाटले. लिनीअस यांनी १७५८ मध्ये या कोळ्याला पक्षीवाचक लॅटिन शब्दावरून 'ॲव्हिक्युलॅरिया' असे जातिनाम दिले, परंतु एकोणिसाव्या शतकात टीकेचा सूर चढला. लॅन्सडाउन गिल्डिंग या धर्मोपदेशक-निसर्गअभ्यासकाने १८३४ मध्ये मेरियन यांच्या ग्रंथावर कठोर टीका केली. सुरीनाम त्याने स्वतः पाहिलेले नव्हते. पुढे हेन्री वॉल्टर बेट्स यांनी ॲमेझॉनच्या खोऱ्यात असा कोळी लहान पक्ष्यांवर बसलेला प्रत्यक्ष पाहिला आणि १८६३ च्या आपल्या प्रवासग्रंथात तसे लिहिले. तेव्हा मेरियन यांच्या चित्राला दुजोरा मिळाला.

=== चुका ===

मेरियन यांच्या सर्वच नोंदी अचूक नाहीत. वरील चित्रात घरट्यात चार अंडी आहेत, गुंजनपक्षी मात्र साधारणतः दोनच अंडी घालतो. मोठ्या पोकळ डोक्याचा 'कंदील-किडा' रात्री उजेड देतो आणि त्या प्रकाशात वर्तमानपत्र वाचता येते, असे त्यांनी लिहिले. हा किडा प्रकाशमान नसतो. तरी त्यांच्याच वर्णनावरून लिनीअस यांनी त्याला कंदीलवाचक नाव दिले आणि ते टिकले. शिवाय मेरियन यांच्या मृत्यूनंतर निघालेल्या आवृत्त्यांत, विशेषतः १७१९ च्या ७२ चित्रांच्या आवृत्तीत, भर घातलेली सर्वच चित्रे त्यांच्या रेखाटनांवर आधारलेली नव्हती आणि पुढील अनेक प्रती इतरांनी मनास येईल तशा रंगवल्या. टीकाकारांनी दाखवलेल्या दोषांपैकी काही या आवृत्त्यांतील आहेत. मूळ जलरंग आणि १७०५ ची आवृत्ती यांच्याशी तुलना केल्याशिवाय या दोषांची जबाबदारी ठरवता येत नाही.

== अखेरची वर्षे आणि मुली ==

सुरीनाम-ग्रंथाने कीर्ती मिळाली, पैसा फारसा नाही. इंग्रजी आवृत्तीसाठी लंडनचे संग्राहक जेम्स पेटिव्हर यांच्याशी पत्रव्यवहार झाला, पण ती निघाली नाही. मेरियन रंग, चित्रे आणि जतन केलेले प्राणी विकत राहिल्या. १७१५ मध्ये पक्षाघाताने त्यांच्या हालचालींवर मर्यादा आल्या. १३ जानेवारी १७१७ रोजी ॲमस्टरडॅममध्ये त्यांचे निधन झाले. सुरवंटांच्या पुस्तकाचा तिसरा खंड त्याच वर्षी डोरोथेआने प्रसिद्ध केला.

दोन्ही मुली स्वतः कुशल चित्रकार होत्या आणि आईच्या नावावरील काही चित्रे त्यांच्या हातची असावीत, असे संशोधक मानतात. योहाना पतीसह सुरीनामला जाऊन तेथून नमुने पाठवत असे. मेरियन यांच्या मृत्यूच्या सुमारास रशियाचा झार पीटर द ग्रेट याच्यासाठी त्याच्या वैद्याने त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह विकत घेतला. त्यानंतर डोरोथेआ व तिचे दुसरे पती, चित्रकार गेओर्ग ग्सेल, झारच्या सेवेत सेंट पीटर्सबर्गला गेले. त्यांची मुलगी सालोमे हिच्याशी गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर यांनी १७७६ मध्ये दुसरा विवाह केला. म्हणजे ऑयलर हे मेरियन यांचे नातजावई होत.

== प्रभाव आणि स्मृती ==

लिनीअस यांनी अनेक जातींचे वर्णन करताना मेरियन यांच्या चित्रांचा आधार घेतला. द्विनाम पद्धती त्यांच्या मृत्यूनंतर रूढ झाल्यामुळे त्या जातींच्या नामकरणाचे श्रेय मात्र त्यांच्याकडे नाही. एकोणिसाव्या शतकात त्यांचे नाव मागे पडले. गिल्डिंगसारख्यांची टीका हे त्याचे एक कारण. दुसरे असे की, वर्गीकरणाला प्राधान्य देणाऱ्या विज्ञानाला पानाफुलांत गुंतलेली चित्रे 'शोभेची' वाटू लागली. विसाव्या शतकात परिस्थितिविज्ञान ही शाखा विकसित झाल्यावर त्याच मांडणीचे मोल नव्याने ध्यानात आले. इतिहासकार नॅटली झीमन डेव्हिस यांच्या १९९५ मधील ग्रंथाने त्यांचे चरित्र इतिहासाच्या अभ्यासकांपुढे आणले. कादंबरीकार व फुलपाखरांचे अभ्यासक व्लादिमीर नाबोकोव्ह यांनी बालपणी घराच्या माळ्यावर मेरियन यांचे पुस्तक सापडल्याची आठवण आत्मचरित्रात सांगितली आहे.

त्यांच्या मूळ चित्रांचे प्रमुख संग्रह सेंट पीटर्सबर्ग, लंडनमधील ब्रिटिश म्युझियम आणि विंडसर येथील ब्रिटिश राजघराण्याचा संग्रह येथे आहेत. विंडसरमधील चित्रे तिसऱ्या जॉर्जने १७५५ मध्ये, राज्यारोहणापूर्वी, वैद्य रिचर्ड मीड यांच्या संग्रहातून घेतली होती. त्यांचे प्रदर्शन २०१६ मध्ये लंडनमध्ये भरले. युरो चलन येण्यापूर्वी जर्मनीच्या ५०० मार्कांच्या नोटेवर मेरियन यांचे चित्र होते. एका जर्मन सागरी संशोधन जहाजाला त्यांचे नाव आहे. दक्षिण अमेरिकेतील काळ्या-पांढऱ्या तेगू सरड्याच्या शास्त्रीय नावात त्यांचे आडनाव आहे आणि २०१७ मध्ये वर्णन केलेल्या पेरू देशातील एका केसाळ कोळ्याला 'ॲव्हिक्युलॅरिया मेरियानी' असे नाव देण्यात आले.